लॅपटॉप, सर्व्हर आणि औंढ्याची वेधशाळा



औंढा नागनाथ हें नांव महाराष्ट्रांत कोणास नवें नाहीं. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाकरितां यात्रेकरू तेथें शतकानुशतकें येत आले आहेत. विसोबा खेचरांच्या शोधांत नामदेव गेले ते तेथेंच, असें परंपरा सांगते. आणि नामदेवांचें नर्सी गांवहि आपल्याच हिंगोली जिल्ह्यांत आहे. या जुन्या कीर्तीच्या शेजारीं आतां एक नवी कीर्ति येऊन बसत आहे. औंढ्याजवळच्या माळावर गुरुत्वलहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हावयाची आहे. २०१६ च्या फेब्रुवारींत तिला तत्त्वतः मान्यता मिळाली. २०२३ च्या एप्रिल महिन्यांत केंद्रीय मंत्रिमंडळानें २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. आणि त्याच वर्षीं ११ मे रोजीं पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा एकमेकींशीं काटकोनांत, त्यांतून धांवणारे लेसरचे किरण, आणि त्यांच्या योगानें मोजावयाचा फरक कितीसा, तर प्रोटॉनच्या व्यासाहूनहि शेंकडों पटींनीं सूक्ष्म. या यंत्राविषयीं पुष्कळांनीं सांगितलें आहे व पुढेंहि सांगतील. मला आज बोलावयाचें आहे तें त्याच्या पोटांतून निघणाऱ्या आंकड्यांविषयीं, आणि ते आंकडे दळणाऱ्या जात्यांविषयीं.

निमित्त लहानसेंच घडलें. मी येथील एका विद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवितों. गेल्या पावसाळ्यांत वर्ग सुटल्यावर एक विद्यार्थी मागें रेंगाळला. त्याचे वडील मोंढ्यांत हळदीच्या पोत्यांची हमाली करतात. मुलासाठीं त्यांनीं हप्त्यानें एक लॅपटॉप घेऊन दिलेला आहे. त्यानें मला विचारलें, “सर, औंढ्याला जे सर्व्हर बसतील, त्यांच्यापुढं माझा लॅपटॉप म्हणजे खेळणंच ना?” मी घाईंत होतों. “खेळणंच,” असें म्हणून मी चालता झालों. घरीं जातांना तें उत्तर मला खटकूं लागलें. मुलाचा चेहरा उतरला एवढ्यावरून नव्हे, तर तें उत्तर निम्में खोटें होतें म्हणून. आजचें हें भाषण म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे असें समजावें.

वास्तविक मला हें आधींच सुचावयास हवें होतें. कारण याच बाबतींत मीं एकदां हात पोळून घेतलेले आहेत. मी पूर्वीं ज्या संस्थेंत होतों, तेथें ‘एक जबरदस्त संगणक’ घ्यावयाचें ठरलें. एका व्यापाऱ्यानें जुना पण चालू स्थितींतला सर्व्हर दाखविला. आंत दोन प्रोसेसर, प्रत्येकाचे बारा कोअर, म्हणजे एकंदर चोवीस. कोअर म्हणजे प्रोसेसरांतील स्वतंत्रपणें हिशेब करणारा एक कारकूनच समजा. चोवीस कारकून! आम्ही हर्षभरित होऊन तें धूड घरीं आणलें. सुरूं करतांच त्याचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे घोंगावूं लागले, खोली तापली, आणि वीज गेली कीं इन्व्हर्टरहि त्याच्यासमोर हात टेकूं लागला. तेंहि सोसलें असतें. परंतु आमच्या परीक्षांचे निकाल लावणारा जो कार्यक्रम होता, तो त्यावर चालविला तेव्हां कार्यालयांतील लेखनिकाच्या साध्या लॅपटॉपला लागला त्याच्या दुप्पट वेळ या धुडाला लागला. व्यापाऱ्यानें आम्हांस फसविलें नव्हतें. कोअर चोवीसच होते आणि सर्व शाबूत होते. तो कार्यक्रमच असा लिहिलेला होता कीं एका पायरीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी. त्यामुळें एक कोअर राबत होता आणि तेवीस कोअर भिंतीला टेकून बसले होते. आणि जो राबत होता, तो लॅपटॉपच्या कोअरपेक्षां मंद होता.

आतां कोणी म्हणेल कीं, सर्व्हर जुना होता म्हणून असें झालें. तेव्हां आपण नवे आणि एकाच कुळांतले दोन प्रोसेसर घेऊं, म्हणजे तक्रारीस जागा राहणार नाहीं. एएमडी कंपनीनें ‘झेन ४’ या एकाच आराखड्यावर दोन्ही प्रकारचे प्रोसेसर काढले. २०२२ च्या नोव्हेंबरांत आलेला ‘एपिक ९६५४’ हा सर्व्हरचा. त्यांत ९६ कोअर. २०२३ सालचा ‘रायझेन ७ ७८४०-यू’ हा लॅपटॉपचा. त्यांत ८ कोअर. कोअरची घडण जवळजवळ सख्ख्या भावंडांची. पण सर्व्हरच्या कोअरला जास्तींत जास्त ३.७ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास ३७० कोटी ठोके, एवढीच धांव दिलेली आहे. लॅपटॉपच्या कोअरला ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत धांवतां येतें. म्हणजे जें काम एकाच कोअरनें करावयाचें आहे, त्यांत सर्व्हरला चाळीस मिनिटें लागलीं तर लॅपटॉपला सुमारें एकोणतीस पुरतात. किंमत पाहिली तर सर्व्हरचा हा एकटा प्रोसेसर अनेक लॅपटॉपांच्या मोलाचा! महाग वस्तु स्वस्त वस्तूहून हळू चालावी हें ऐकून आपल्या व्यवहारी मनाला धक्का बसतो. पण यांत चमत्कार नाहीं; सगळा खेळ उष्णतेचा आहे.

प्रोसेसर जितका वेगानें चालवावा तितकी वीज तो अधिक खातो, हें उघड आहे. परंतु वेग वाढविण्यासाठीं विजेचा दाबहि वाढवावा लागतो, आणि खप हा वेगाच्या पटींत व दाबाच्या वर्गाच्या पटींत वाढत जातो. म्हणून वेग एक-पंचमांशानें वाढविला व दाबहि तितकाच चढवावा लागला, तर खप एक-पंचमांशानें न वाढतां जवळजवळ पाऊणपट वाढतो. ही सर्व वीज शेवटीं उष्णता होऊन नखाएवढ्या सिलिकनच्या तुकड्यांतून बाहेर पडावयाची. सर्व्हरचा प्रोसेसर ३६० वॅटांसाठीं आंखलेला आहे. लॅपटॉपचा सामान्यतः २८ वॅटांसाठीं. दोघांनाहि आपापल्या कोअरांनीं भागून पाहा: सर्व्हरमध्यें एका कोअरच्या वांट्यास पावणेचार वॅट, लॅपटॉपमध्यें साडेतीन. म्हणजे पंगत दोन्हीकडे सारखीच वाढलेली आहे! फरक असा कीं, लॅपटॉपमध्यें सात भाऊ निजलेले असले तर आठव्याला बहुतेक सगळें ताट एकट्यानें खातां येतें आणि तो भरधांव सुटतो. सर्व्हरची रचना सगळेच भाऊ सतत जेवणार हें धरून केलेली असते. तेथें एकाला फार चढूं देत नाहींत.

म्हणून लॅपटॉपच्या जाहिरातींत छापलेला तो मोठा आंकडा वाचतांना एवढें लक्षांत ठेवावें कीं, तो थोड्या वेळाच्या धांवेचा आंकडा आहे. आपल्याकडे मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पलीकडे जातो. अशा दुपारीं पत्र्याच्या खोलींत बसून एखाद्या मुलानें आठहि कोअर कामाला जुंपले, तर पहिलीं कांहीं मिनिटें लॅपटॉप उत्तम धांवतो. मग आंतील तापमान शंभर अंशांच्या घरांत जातें, आणि जळून जाऊं नये म्हणून प्रोसेसर आपण होऊन आपला वेग उतरवितो. यंत्र बिघडलें असें पुष्कळांना वाटतें, पण तें बिघडलेलें नसतें. सर्व्हरला मोठे पंखे, थंड हवेची खोली आणि अखंड वीज दिलेली असते, ती याचकरितां कीं त्यानें आज रात्रीं जो वेग धरला, तोच वेग पुढच्या महिन्याच्या रात्रींहि टिकवावा. शर्यतीचा खोंड आणि नांगराचा बैल यांचें मोल आपले शेतकरी एकाच गजानें मोजीत नाहींत.

आतां कोअरांच्या संख्येकडे वळूं. ९६ भागिले ८ म्हणजे बारा; तेव्हां सर्व्हर बारापट काम करील काय? याचें उत्तर आपल्या जिल्ह्यांतील हळदीनेंच द्यावें. हळद काढावयाची असते तेव्हां रानांत आठांऐवजीं शहाण्णव मजूर घातले तर काढणी खरोखरच बाराव्या हिश्शाच्या वेळांत उरकेल. प्रत्येकानें आपली सरी धरली कीं कोणाचें कोणावांचून अडत नाहीं. पण काढलेली हळद शिजवावी लागते. कढई जर एकच असली, तर शहाण्णव मजुरांनीं ढीग लावून ठेवला तरी कढईला लागावयाचा तो वेळ लागणारच. काढणी कितीहि आवरली तरी एकंदर कामाचा वेळ त्या कढईच्या खालीं उतरूं शकत नाहीं. हीच गोष्ट जीन अ‍ॅम्डाल या संगणक-रचनाकारानें १९६७ सालीं मांडली आणि ती त्याच्या नांवाचा नियम म्हणून रूढ झाली. समजा, एखाद्या हिशेबांतील शंभरांपैकीं पांच भाग असे आहेत कीं ते कढईसारखे एकाच ठिकाणीं व्हावयाचे. तर आठ कोअर लावून काम एका कोअरच्या ५.९ पट वेगानें होतें. ९६ कोअर लावले तर १६.७ पट. कोअर बारापट झाले, पण काम तिप्पटहि लवकर झालें नाहीं. आणि कोअर अगणित लावले तरी वीसपटीच्या पलीकडे जातां येणार नाहीं. शिवाय लॅपटॉपचा प्रत्येक कोअर अधिक चपळ. तेव्हां प्रत्यक्षांतलें अंतर याहूनहि कमी भरावयाचें. आमच्या निकालाच्या कार्यक्रमांत तर कढईच कढई होती, रान मुळींच नव्हतें!

आणखी एक बाब आहे, जिच्याकडे विकत घेणाऱ्याचें लक्ष क्वचितच जातें. ती म्हणजे आंकडे प्रोसेसरपर्यंत आणणारी वाट. रानापासून कढईपर्यंत बैलगाड्या कमी पडल्या तर कढईहि रिकामी राहते. आपल्या उदाहरणांतील सर्व्हरला स्मृतीकडून येणाऱ्या बारा वाटा आहेत. त्यांतून सेकंदास ४६० गिगाबाइट माहिती येऊं शकते. लॅपटॉपला अशा दोन वाटा. त्यांतून साधारणतः ९० गिगाबाइट. सर्व्हर पांचपट मोठा दिसतो खरा, पण खाणारीं तोंडें बारापट आहेत. दर कोअरमागें हिशेब केला तर लॅपटॉपच्या वांट्यास सेकंदाला अकरा गिगाबाइट आणि सर्व्हरच्या वांट्यास पांचांहूनहि कमी येतात. ही उणीव भरून काढण्यासाठीं सर्व्हरच्या पोटांत हाताशीं असलेलें कोठार मोठें ठेवतात: ३८४ मेगाबाइट, म्हणजे दर कोअरमागें चार. लॅपटॉपमध्यें तें एकंदर सोळाच, दर कोअरमागें दोन. हे आंकडे ध्यानांत असूं द्यावेत. पुढें त्यांचा उपयोग आहे.

इतकी सामग्री जमल्यावर आतां गुरुत्वलहरींकडे परत येतों. १४ सप्टेंबर २०१५ या दिवशीं अमेरिकेंतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन वेधशाळांना पहिली लहर जाणवली. सूर्याच्या सुमारें ३६ पट व २९ पट वस्तुमानाचीं दोन कृष्णविवरें एकमेकांत विलीन झालीं होतीं, आणि ही वार्ता सव्वाशें कोटींहून अधिक वर्षें प्रवास करून येथवर आली होती. आपल्या यंत्रांत ती उमटली फक्त सेकंदाचा एक-पंचमांश. बाकी सर्व गोंगाट: जमिनीचा कंप, दूरच्या समुद्राच्या लाटा, आरशांतील अणूंची थरथर. या गोंगाटांतून ती लहर ओळखावयाची कशी? यात्रेच्या गलबल्यांत आपल्या लेकराची हाक आईला ओळखूं येते, कारण त्या हाकेचा नमुना तिच्या कानांत आधींच असतो. येथेंहि तेंच करतात. कोणत्या वस्तुमानाचीं दोन विवरें एकत्र आलीं तर लहरीचा आकार कसा होईल, हें आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून आधीं काढून ठेवतात, आणि असा प्रत्येक नमुना नोंदीवर सरकवीत नेऊन कोठें जुळतो तें पाहतात. ही रीत या कामीं कशी लावावी, नमुने किती व कोणत्या अंतरानें घ्यावेत, याचा पाया पुण्याच्या आयुका संस्थेंत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनीं १९९१ च्या सुमारास घातला. त्या वेळीं लहर सांपडलेली नव्हती. वेधशाळाहि उभ्या नव्हत्या. पहिल्या शोधाच्या वेळीं असे सुमारें २,५०,००० नमुने पडताळून पाहिले गेले.

आणि ही नोंद गुप्त नाहीं. लायगोनें ती जगासमोर खुली ठेवली आहे. ज्या ३२ सेकंदांत ती लहर आहे तेवढीच नोंद वेगळी काढूनहि ठेवलेली आहे. सेकंदास १६,३८४ मोजमापें या दरानें तींत ५,२४,२८८ आंकडे भरतात. संगणकांत हे आंकडे चार मेगाबाइट जागा घेतात. म्हणजे आपल्या लॅपटॉपच्या सोळा मेगाबाइटांच्या कोठारांत ते आरामांत मावतात. स्मृतीकडे वरचेवर गाड्या पाठवाव्या लागत नाहींत. एक नमुना या ३२ सेकंदांवर सरकवून पाहण्यास एका कोअरला, समजा, सेकंदाचा विसावा हिस्सा लागला. हा माझा अंदाज केवळ हिशेबासाठीं धरलेला आहे; कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या हातोटीवर तो पुष्कळ अवलंबून राहील. तर अडीच लक्ष नमुने, दोन वेधशाळा, मिळून पांच लक्ष जुळण्या. त्यांना एका कोअरचे पंचवीस हजार सेकंद, म्हणजे सात तास. आठ कोअर लावले तर तासाच्या आंत काम आटोपतें. अर्थात् मानवजातीनें टिपलेली पहिली गुरुत्वलहर हिंगोलींतील एका हमालाच्या मुलाला, एका संध्याकाळीं, हप्त्याच्या लॅपटॉपवर सांपडूं शकते. ‘खेळणंच’ हा शब्द मीं त्या यंत्राला लावला होता!

मग सर्व्हरांची रास कशाला? कारण सांपडणें वेगळें आणि खात्री वेगळी. त्या मुलाला ३२ सेकंद कोणते तें आधींच ठाऊक आहे. शोध घेणाऱ्यांना तें ठाऊक नव्हतें. त्यांना सगळीच नोंद चाळावयाची होती. आणि लहर दिसल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो, कीं हा दोन ठिकाणच्या गोंगाटाचा योगायोग तर नव्हे? याचें उत्तर मिळविण्याची युक्ति मोठी सुंदर आहे. दोन वेधशाळांमध्यें तीन हजार किलोमीटरांचें अंतर. तें ओलांडण्यास प्रकाशाला, व म्हणून गुरुत्वलहरीलाहि, सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. तेव्हां एका वेधशाळेची नोंद मुद्दाम याहून जास्त मागें-पुढें सरकवून दोन्हींतल्या खुणा ताडल्या, तर जे मेळ दिसतील ते सगळे निव्वळ योगायोगाचे असणार. सोळा दिवसांच्या नोंदीवर सुमारें एक कोटी वेळां असें सरकवून पाहिलें. त्यामुळें ६,०८,००० वर्षांच्या गोंगाटाचा अनुभव गांठीं आला. त्यांतला एकहि योगायोग त्या खऱ्या खुणेइतका बलवान् निघाला नाहीं. नमुन्यांचे तीन वर्ग केलेले असल्यामुळें तिनानें भागून शास्त्रज्ञांनीं म्हटलें कीं, असा योगायोग २,०३,००० वर्षांत एकदांहि संभवत नाहीं. ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं जगाला ती वार्ता निःशंकपणें सांगतां आली ती या आधारावर.

या खात्रीची किंमत आपल्या मापानें काढून पाहूं. सोळा दिवसांत ३२ सेकंदांचे ४३,२०० तुकडे. दोन वेधशाळा, अडीच लक्ष नमुने: जुळण्या झाल्या २,१६० कोटी. दर जुळणीस सेकंदाचा विसावा हिस्सा धरला तर एका कोअरला चौतीस वर्षें लागतात. आठ कोअरच्या लॅपटॉपला सवाचार वर्षें, तींहि उन्हाळा, भारनियमन आणि हप्ते यांत खंड न पडतां. ९६ कोअरच्या एका प्रोसेसरला १३० दिवस. आणि असे दोन-दोन प्रोसेसर असलेले दहा सर्व्हर जोडले तर साडेसहा दिवस. येथें आम्डालची कढई आड येत नाहीं, कारण प्रत्येक नमुना आपापली सरी धरून चालतो. एका नमुन्याचें दुसऱ्यावांचून अडत नाहीं. निकालाच्या कार्यक्रमांत जो सर्व्हर हास्यास्पद ठरला, तोच येथें राजा आहे. सोळा दिवसांची मूळ नोंद दर वेधशाळेमागें १८० गिगाबाइटांची भरते. ती तुकडे पाडूनच चाळतात, पण एवढा पसारा हाताशीं ठेवावयाला स्मृतीहि सर्व्हरचीच लागते. शिवाय सर्व्हरच्या स्मृतींत एक दक्षता असते, जी बहुतेक लॅपटॉपांत नसते: एखाद्या शून्याचा चुकून एक झाला, तर ती चूक जागच्या जागीं ओळखून दुरुस्त केली जाते. तासाभराच्या कामांत अशी चूक होण्याचा संभव इतका अल्प कीं विचारूं नये. पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या हिशेबांत तो विचार करावाच लागतो.

पुष्कळ लहान मिळून एक मोठें करावयाचें, ही कल्पना आपल्या महाराष्ट्राला परकी नाहीं. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यास अडचणी आल्या तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ तयार झाला. त्यांत एकच प्रचंड प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्यूटर नांवाचे चौसष्ट लहान प्रोसेसर एकत्र गुंफलेले होते. पुण्याच्या आयुकांत लायगोच्या नोंदींच्या पृथक्करणासाठीं ‘सारथी’ नांवाचा संगणक-समूह उभा केला, तोहि याच वंशांतला. आणि याच्या उलट टोकाला २००५ सालीं सुरूं झालेला ‘आइन्स्टाइन अॅट होम’ हा उपक्रम आहे. त्यांत लोक आपले घरचे संगणक रिकामे असतील तेवढा वेळ उसने देतात. प्रत्येकाकडे नोंदीचा एक तुकडा येतो, हिशेब होतो, उत्तर परत जातें. एकाच्या उत्तरावर विश्वास न टाकतां तोच तुकडा दुसऱ्यालाहि देऊन दोघांचा मेळ घेतात. सर्व्हरच्या स्मृतींत जी दक्षता असते, तिची जागा येथें शेजाऱ्यानें घेतली आहे. गुरुत्वलहरींसाठीं काढलेल्या या उपक्रमानें २०१० सालीं रेडिओ-दुर्बिणीच्या नोंदींतून एक नवा पल्सार तारा शोधून काढला. तो ज्या संगणकांवर उमटला ते अमेरिकेंतील व जर्मनींतील सामान्य स्वयंसेवकांचे संगणक होते.

म्हणून कोणी मला विचारतो, “सर, कोणता प्रोसेसर चांगला?” तेव्हां मी आतां उलट विचारतों, “काम एका सरीचें कीं शंभर सऱ्यांचें? घटकाभराचें कीं महिनाभराचें?” कार्यक्रम लिहून पाहणें, चित्र काढणें, एखादा नमुना जुळवून बघणें, यांत माणूस समोर बसून उत्तराची वाट पाहत असतो, तेथें चपळ कोअर हवा, आणि तो लॅपटॉपांत आहे. ज्या कामांत माणूस निजावयास जातो आणि यंत्रानें राबावयाचें असतें, तें सर्व्हरकडे द्यावें. संस्थांच्या खरेदी-समित्यांनीं तर कोअरांची संख्या मोजण्यापूर्वीं आपलाच एखादा नेहमीचा हिशेब दोन्ही यंत्रांवर चालवून घड्याळ लावावें. एवढें आम्हीं त्या वेळीं केलें असतें तर तें धूड आमच्या खोलींत आलें नसतें.

त्या मुलाकडे मी दिवाळीच्या सुटींत गेलों. चूक कबूल केली आणि ३२ सेकंदांची ती नोंद कोठून घ्यावयाची तें दाखविलें. अडीच लक्ष नमुने आम्हांजवळ नव्हते. एकच नमुना, दोन विवरांचीं प्रसिद्ध झालेलीं वस्तुमानें घालून, तयार केला. पहिल्या दिवशीं कांहींच जुळेना. गोंगाटाचें वजन काढून टाकावयाचें राहिलें होतें. दुसऱ्या दिवशीं तेंहि केलें. लॅपटॉपचा पंखा जेमतेम फिरला असेल नसेल, तोंच पडद्यावरील आलेखांत एका ठिकाणीं एकच उंच सुळका उभा राहिला. हॅनफर्डच्या नोंदींत आणि लिव्हिंग्स्टनच्या नोंदींत, सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी अंतरानें. त्याचे वडील दारांत उभे होते. त्यांनीं विचारलें, “हे काय दिसलं?” मुलानें आपल्या परीनें सांगितलें. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, “पण सर, हा योगायोग नाही हे आपल्याला कसं कळलं?” तेव्हां मीं वर दिलेला सोळा दिवसांचा हिशेब त्याच्या वहींत मांडला. सवाचार वर्षें हें उत्तर आल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग औंढ्याला काम सुरूं होईल तेव्हां तेथील नोंद चाळावयास कोणाची भरती होते, त्याला काय शिकलेलें असावें लागतें, हें त्यानें विचारलें. पदार्थविज्ञान, गणित आणि समांतर पद्धतीनें कार्यक्रम लिहिण्याची संवय, असें मीं सांगितलें. त्यांपैकीं तिसरी गोष्ट आठ कोअरांवरहि शिकतां येते.